जेवढे तेवढे, काळा, निळा

आषाढाचा पाऊस पत्र्यावर तडतडतो आहे. पेणच्या एका गणपती कारखान्यात, फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या कच्च्या मूर्तींमधे, तुम्ही वही घेऊन उभे आहात. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी व्हायची आहे, म्हणून भाव ठरलेला नाही. शेठना घाई. "मास्तर, हिशोब तरी मांडून ठेवा!"

लहान मूर्तीच्या भावाला तुम्ही 'ल' म्हणता, मोठीच्या भावाला 'म'. माल होता ४० लहान, २५ मोठ्या. मुंबईच्या व्यापाऱ्यानं १२ लहान आणि १० मोठ्या उचलल्या, मग ३ लहान परत पाठवल्या. शिल्लक मालाची किंमत:

४०ल + २५म − (१२ल + १०म − ३ल)

कंस सोडवताना पेन अडतं. ते ३ल वजा करायचे की मिळवायचे? तुम्ही समोरच्या डब्यांकडे बघत राहता. काळा, निळा, पिवळा, लाल. पावसाचा आवाज बंद होतो.

शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०. सह्याद्रीजवळचं एक नगर. छत्तीस वर्षांचे भास्कराचार्य धूळपाटीवर बोटानं लिहीत आहेत, आणि आश्चर्य म्हणजे तिथेही तेच रंग! पहिल्या अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जेवढे असतील तेवढे. दुसरीपासून रंग सुरू: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहायला फक्त आद्याक्षरं, या, का, नी, पी, लो. तुमचा पेणचा माल इथे 'या ४० का २५' होतो. मधे अधिकचं चिन्ह नाही, शेजारी लिहिलं की मिळवलंच. ऋण असेल तर आकड्याच्या डोक्यावर एक टिंब.

कंसही नाही. वजा करायची राशी आली की तिच्यातलं धन ऋण होतं आणि ऋण धन. हा नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येच घालून दिला होता, संपत्ती आणि कर्ज यांच्या भाषेत. कर्ज काढून टाकलं की माणूस तेवढ्यानं श्रीमंत होतो. परत आलेल्या तीन मूर्तींचंही तेच: त्या नेलेल्या मालातून कमी झाल्या, म्हणजे फळीवर वाढल्या. पाटीवर १२ आणि १० वर टिंबं चढतात, ३ वरचं पुसलं जातं. ४० मधून १२ गेले, ३ आले. या ३१ का १५.

आता तुमचा हात शिवशिवतो. ३१ आणि १५ मिळून ४६, घाला एकत्र! पाटीवरचं बोट मात्र थांबलेलं. एका जातीचे एका जातीत मिळवायचे, भिन्न जातीचे वेगळे राहू द्यायचे, हे 'बीजगणिता'त त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. पुढे सोपं करण्यासारखं काही उरलेलंच नाही. शाळेच्या पुस्तकात ही अक्षरं उघडीबोडकी येतात, मागचा माल दिसत नाही. माझ्या मते मुलं चिन्हं चुकतात ती त्यामुळेच.

परतीच्या वाटेवर १२०७ मधलं, चाळीसगावजवळचं पाटण ओझरतं दिसतं. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवानं काढलेला मठ आणि त्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख. थांबायला वेळ नाही.

नागोठणं मागे पडलेलं, गाडी रोह्याला टेकलेली. संध्याकाळच्या शिकवणीत तुम्ही तेच गणित फळ्यावर घालता. पुढच्या बाकावरची मुलगी ३१ल + १५म वर येऊन थांबते. तिचा भाऊ उठतो आणि खाली ठसठशीत ४६लम लिहितो.

"लहान मूर्ती १०० रुपये, मोठी ५०० धर," तुम्ही सांगता.

बहिणीचे होतात १०,६००. भावाचे २३ लाख.

"सर," तो फळ्याकडे बघत म्हणतो, "पेणच्या शेठना माझंच उत्तर आवडेल."