खंडाळा नगरपंचायत (जिल्हा सातारा)

सातारा जिल्ह्यातील खंडाळा या तालुक्याच्या गावाचा कारभार पाहणारी नागरी स्थानिक स्वराज्य संस्था. लोणावळ्याशेजारचे, पावसाळी सहलींचे खंडाळा ते हे नव्हे. हे खंडाळा पुणे-सातारा महामार्गावर, खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशी आहे. ब्रिटिश अमदानीत हा वाई तालुक्याचा एक पेटा होता. आजही विधानसभेच्या मतदारसंघात वाई आणि खंडाळा एकत्रच आहेत. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात.

खंडाळ्यात पूर्वी ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या मुख्यालयांना नागरी दर्जा द्यावा, असे राज्य सरकारने २०१४ च्या सुमारास ठरवले आणि ज्या ग्रामपंचायतींची नगरपंचायत झाली, त्यांत खंडाळा होते. नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०१६ साली झाली. त्याच वर्षी तालुक्यातील दुसरे मोठे गाव लोणंद हेही नगरपंचायत म्हणून मतदानाला सामोरे गेले. दुसरी निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या वादात सापडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे राज्यभर ओबीसींसाठी राखीव असलेले प्रभाग खुले करावे लागले आणि मतदान दोन टप्प्यांत झाले: २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२. मतमोजणी १९ जानेवारीला झाली. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव, पाटण, वडूज, दहिवडी आणि लोणंद या नगरपंचायतीही त्याच फेरीत होत्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नगराध्यक्ष नगरसेवकांमधून निवडले गेले.

नगरपंचायत ही कल्पना ७४ व्या घटनादुरुस्तीची. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. जे गाव आता निव्वळ शेतीचे उरलेले नाही, पण पुरते शहरही झालेले नाही, अशा ‘संक्रमणातल्या’ क्षेत्रासाठी ही संस्था आहे. महाराष्ट्रात तिला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. सतरा प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, शिवाय स्वीकृत सदस्य, अशी तिची रचना. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी असतात. ते राज्य सरकारचे अधिकारी, गावाने निवडलेले नव्हेत. सभा आणि मुख्याधिकारी यांच्यात ओढाताण होते ती बहुधा याच सांध्यावर. सभेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. नगरसेवकांच्या बोलण्यात ‘तीनशे आठ’ हा आकडा एखाद्या माणसाच्या नावासारखा येतो.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मग रस्ता, गटार, दिवाबत्ती, पाण्याची मोटर दुरुस्ती, घंटागाडीचे डिझेल, गाळ्यांचे भाडे, बाजार फी वसुलीचा लिलाव. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. या शेवटच्या कलमाकडे नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे. आधी कुणालाही न कळवता मंजूर होणाऱ्या गोष्टी इथूनच जातात. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. अंदाजपत्रकासाठी वेगळी विशेष सभा होते आणि तिची लगबग फेब्रुवारीअखेर चालते.

या सभांमध्ये सर्वांत अवघड विषय घरपट्टीचा. ग्रामपंचायत असताना घरपट्टी थोडी होती, आणि ती देताना सरपंच ओळखीचा होता. नगरपंचायत झाली की घरांची नव्याने मोजणी होते, इमारतीचे भाडेमूल्य धरले जाते, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची मुदत असते. ती चुकली की पुढे अपिलाचाच रस्ता. मागणी बिलात एकच रक्कम दिसत नाही. घरपट्टीखाली वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर अशा ओळी उतरलेल्या असतात. यांतले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपंचायत फक्त गोळा करते. पैसे राज्याच्या तिजोरीत जातात. बिल हातात घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस मात्र तो सगळा राग समोरच्या वसुली लिपिकावर काढतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. छोट्या गावात दोन-तीन वर्षे राहिलेली घरपट्टी मूळ रकमेच्या दीडपटीकडे जाते, ती अशी.

उत्पन्नाची दुसरी अडचण भूगोलाची आहे. तालुक्याची खरी औद्योगिक वाढ शिरवळ, केसुर्डी, धनगरवाडी या पट्ट्यात झाली. एशियन पेंट्सचा मोठा कारखाना तालुक्याच्या औद्योगिक क्षेत्रात २०१३ साली सुरू झाला. कामगार, भाड्याच्या खोल्या, वाहतूक, कचरा यांचा भार आसपासच्या गावांवर येतो, पण कर ज्याच्या हद्दीत इमारत त्याचाच. तालुक्याचे ठिकाण असल्याने तहसील, पंचायत समिती, न्यायालय, दवाखाना यांसाठी रोज बाहेरून येणारी माणसे खंडाळ्याचे पाणी पितात आणि रस्ते वापरतात. त्यांची नावे करवसुलीच्या वहीत नसतात.

जुन्या नगरपालिकांना पूर्वी जकातीचा आधार होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. त्यातूनच पगार भागवण्याची सवय लागली. वित्त आयोगाचा निधी वेगळा येतो; पण पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला आहे, आणि उरलेल्या मोकळ्या हिश्श्यातूनही पगार देता येत नाही. त्यामुळे गटाराचे काँक्रीट करायला पैसे आहेत, पण ते गटार रोज उपसणाऱ्याला द्यायला नाहीत, अशी स्थिती छोट्या नगरपंचायतींत वरचेवर उद्भवते.

पगाराचा प्रश्न इथे नीट पाहावा लागतो, कारण ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना सर्वांत जास्त हाल कर्मचाऱ्यांचे होतात. ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणी सोडणारा, झाडूवाला किमान वेतनावर काम करत असतो. त्या वेतनातला शासनाचा वाटाही करवसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला असतो. नगरपंचायत झाल्यावर राज्य सरकार पदांचा आकृतिबंध मंजूर करते. त्या पदांवर जुन्या कर्मचाऱ्यांचे ‘समावेशन’ करायचे असते. नगरपंचायतीच्या उद्घोषणेच्या आधी ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव आहे का, शिक्षण पदाला पुरते का, पदे किती, माणसे किती, यावर ते ठरते. फाइल नगरपंचायतीतून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून नगरपरिषद प्रशासन संचालनालयात जाते. तोवर माणूस रोज सकाळी येऊन सही करतो, काम करतो आणि जुन्याच पैशांत घर चालवतो. समावेशन झालेच तरी वेतनश्रेणी त्या दिवसापासून मिळते. नियमित नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची ठरली, तर जुनी पेन्शनही हातची जाते, मग आधी ग्रामपंचायतीत कितीही वर्षे गेली असोत. ही वर्षे मोजली जात नाहीत, हा अन्याय आहे. तो एका गावाने केलेला नाही, पण प्रत्येक नगरपंचायतीच्या सभेने त्यावर ठराव करून पाठपुरावा करायला हवा.

पाण्याची व्यवस्था पाहिली तर हे काम किती नाजूक आहे ते कळते. टाकीखालचा व्हॉल्व्हमन लांब लोखंडी चावी खड्ड्यात उतरवून व्हॉल्व्ह फिरवतो. कोणत्या आळीला किती फेरे द्यायचे, चढावरच्या घराला आधी पाणी सोडायचे की उताराच्या, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. तो रजेवर गेला की अर्धा वॉर्ड कोरडा. त्याच्या जागी ठेकेदाराकडचा नवा माणूस आला, तर पहिले पंधरा दिवस भांडणात जातात. सफाईचे काम ठेक्यावर दिले तरी किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय ही जबाबदारी मूळ मालक म्हणून नगरपंचायतीवर येतेच. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक हे ठेका पद्धत वाढण्याचे मोठे कारण आहे.

शेजारच्या गावांनी याच चौकटीत काय केले, ते खंडाळ्यासारख्या संस्थेला उपयोगी आहे. कराडलगतच्या मलकापूरने नगरपंचायत असतानाच चोवीस तास पाण्याची योजना राबवली. सरसकट वार्षिक पाणीपट्टीऐवजी प्रत्येक नळाला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढता दर. गरिबाच्या घराला लागणारे पाणी स्वस्त राहिले, बागेला नळी लावणाऱ्याला जास्त मोजावे लागले. मीटरला विरोध बहुतेक ठिकाणी होतो. मलकापुरात पाणी दिवसभर येऊ लागल्यावर लोकांनी साठवणीच्या टाक्यांची गरज उरली नाही, हे प्रत्यक्ष अनुभवले. एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली कराड आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातील विटा देशात पहिले आले. या क्रमांकांमागे घंटागाडीची वेळ पाळणारे, ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा करणारे शेकडो सफाई कामगार होते.

लोणंदचा खर्च वेगळ्या प्रकारचा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला मुक्काम करते. गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट वारकरी येतात. फिरती शौचालये, टँकर, जंतुनाशक फवारणी, पालखी पुढे गेल्यावर सफाई, हे सगळे काही दिवसांत उभे करून आवरावे लागते. त्या आठवड्यात रजा कुणालाच नसते.

खंडाळ्यासमोर आता महामार्गाचा प्रश्न आहे. खंबाटकी घाटात नवा जुळा बोगदा आणि त्याला जोडणारा सहापदरी रस्ता यांमुळे घाटातली कोंडी सुटावी, अशी अपेक्षा आहे. वाहतूक न थांबता वेगाने पुढे गेली, तर रस्त्याकडेची हॉटेले, टपऱ्या, गॅरेज यांचा धंदा बदलेल, आणि त्यांच्याकडून मिळणारी घरपट्टी आणि भाडेही. नगरपंचायतीच्या पुढच्या फेरआकारणीत या मिळकती कोणत्या भाडेमूल्याने धरायच्या, हे ठरवावे लागणार आहे.