बयाणा आणि मजुरी : जव्हार-मोखाड्यातील कौटुंबिक स्थलांतर

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील, २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, डोंगराळ तालुके होत. येथील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी कुटुंबांच्या स्थलांतराची मीमांसा करताना बहुधा रोजगाराच्या अभावावर बोट ठेवले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. मजुरी किती मिळते याइतकेच ती केव्हा हाती पडते, यालाही या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासात महत्त्व आहे.

जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तेव्हा जामसरसारख्या गावांची उपजीविका नागली, वरई, भात आणि जंगल यांवर अवलंबून होती. पाऊस विपुल, परंतु पाणी उतारावरून वाहून जाते. त्यामुळे शेती मुख्यतः खरिपापुरतीच राहिली. घरातील धान्य पुढील हंगामापर्यंत पुरत नाही आणि लावणीचे, सर्वाधिक कष्टाचे दिवस नेमके टंचाईचे ठरतात. पूर्वी ही तूट सावकाराच्या धान्यकर्जाने भरून निघे. पुढे अनेक कुटुंबांत ती जागा वीटभट्टीच्या बयाण्याने घेतली.

भिवंडी, वसई, वाडा या पट्ट्यातील भट्ट्यांवर दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. शिमग्याला काही दिवस परततात आणि पावसाच्या तोंडाशी कायमची घरी येतात. भट्टीवर मजूर म्हणून धरले जाते ते जोडपे. विटांचा दर हजारी, खर्चासाठी आठवड्याची खर्ची आणि अखेरचा हिशेब हंगाम संपताना. मुलांनी उलटवलेल्या, रचलेल्या विटांना त्या हिशेबात वेगळा रकाना नसतो. बाकी अंगावर राहिली की पुढील वर्षीही तीच भट्टी गाठावी लागते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

धान्याऐवजी रोकड आली, म्हणून उत्पन्न वाढले असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ही रोकड मिळवण्याआधीच खर्च झालेली असते. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आणि २००५ चा केंद्रीय कायदा यांना स्थलांतर पूर्णतः रोखता आले नाही, त्याचे एक कारण येथेच सापडते. हमीच्या कामावर आधी श्रम, मग मोजमाप, मग मजुरी. पंधरा दिवसांची मुदत कायद्यात असली तरी विलंब नित्याचा. मुकादम मात्र कामाआधी पैसे देतो. २०२० मध्ये मंजूर झालेल्या खावटी अनुदानाने पावसाळी तुटीची दखल घेतली, पण कुटुंबामागे ४,००० रुपये, तेही निम्मे वस्तुरूपात.

शासकीय नोंदींतही हे कुटुंब निसटते. २००१ व २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली. तेव्हा गावातील अनेक घरांना कुलूप असते.

अलीकडे मोगऱ्याच्या लागवडीने काही घरांचे वेळापत्रक बदलले. कळ्या रोज तोडाव्या लागतात, माल दादरच्या बाजारात जातो आणि घरातील माणसांना गावातच थांबावे लागते. ही संधी अर्थातच ज्यांच्या विहिरीत वा बंधाऱ्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते, त्यांच्याच वाट्याला आली आहे.