नसबंदी पुरुषांची होती, ती बायकांची कशी झाली?

दुसरं मूल झालं की आपल्याकडे बाळंतिणीलाच विचारतात, "ऑपरेशन करून घेतेस ना?" नवऱ्याला कुणी विचारत नाही. आपल्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच आहे. तसं नाही. आपल्या सासूबाईंच्या तरुणपणी सरकार पुरुषांच्या मागे लागलं होतं.

भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. असं करणारा जगातला पहिला देश आपला. आपल्या मुंबईत तर र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. पण कर्वे सांगत होते ते बाईच्या सुखासाठी, सरकारला हवा होता आकडा. हा फरक लक्षात ठेवा.

साठच्या दशकात बहुतेक ऑपरेशनं पुरुषांची होत. काम लहान, पोट उघडायला नको, माणूस त्याच दिवशी घरी. १९७१ साली केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. बक्षिसं होती, जत्रेसारखा थाट होता.

मग १९७५ला आणीबाणी आली. शिक्षकांना, तलाठ्यांना, कारकुनांना "केसेस" आणायचं टार्गेट मिळालं. टार्गेट भरलं नाही तर पगार अडे. जानेवारी १९७६ मध्ये आपल्या बार्शीत बाजाराला आलेल्या खेड्यातल्या माणसांना रस्त्यावरून उचलून गाडीत घातलं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, हे आपलं नशीब. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर ऑपरेशनं झाली. त्यातली ६० लाखांवर पुरुषांची.

१९७७च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचं सरकार पडलं. नसबंदीचा राग हे त्याचं एक मोठं कारण. नव्या सरकारने "कुटुंबनियोजन" हे नाव काढून "कुटुंबकल्याण" केलं. नाव बदललं, टार्गेट मात्र पुढे वीस वर्षं राहिलं. आता ते भरायचं कुणाकडून? पुरुषाला हात लावायला कुठलाच पुढारी धजेना. तेवढ्यात दुर्बिणीतून बाईचं बिनटाक्याचं ऑपरेशन आलं आणि शिबिरं बायकांनी भरू लागली. माझ्या मते त्यामागे डॉक्टरीपेक्षा राजकारण जास्त होतं. पुरुष चिडला तर मत जातं. बाई चिडली तर घरात भांडी आपटते.

याची किंमत २०१४ साली छत्तीसगडात दिसली. बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या इस्पितळात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. दिवसाला तीसपेक्षा जास्त करायची नाहीत, हा सरकारचाच नियम. तिथल्या शिबिरांत मिळून १३ बायका गेल्या. बहुतेकींची मुलं लहान होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा, आणि ऑपरेशनचे धोके बाईला तिच्या भाषेत समजावून सांगा.

आता २०१९-२१ची सरकारी पाहणी बघा. देशात लग्न झालेल्या शंभर बायकांमागे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याची नसबंदी झालेली बाई शंभरात एकसुद्धा नाही, हजारात तीन!

गटाच्या बैठकीत हा विषय काढला की बायका पदर तोंडाला लावून हसतात. मग एखादी म्हणते, "अहो ताई, त्यांना कष्टाची कामं असतात, ताकद जाते ना!" ताकद जात नाही. पुरुषपणही जात नाही. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. आणि खुरपणी, पाणी, सरपण ही काय बिनकष्टाची कामं झाली?

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या, रक्त-लघवी तपासली का ते विचारा. आणि जमलं तर त्या दिवशी घरच्या कारभाऱ्यांनाही सोबत आणा, चहा आपण गटाच्या पैशातून करू.