शोनबर्ग यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा प्रथम प्रयोग (१९०८)

ऑस्ट्रियन संगीतरचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग (१८७४–१९५१) यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (फा शार्प मायनर, ओपस १०) प्रथम प्रयोग २१ डिसेंबर १९०८ रोजी व्हिएन्ना येथील ब्योझेनडॉर्फर सभागृहात झाला. श्रोत्यांच्या गोंधळामुळे गाजलेली ही मैफल युरोपीय संगीतातील आधुनिकतावादाच्या आरंभकाळातील महत्त्वाची घटना मानली जाते.

पार्श्वभूमी

त्या काळचे व्हिएन्ना कलेच्या क्षेत्रात विलक्षण गजबजलेले होते. क्लिम्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९७ मध्ये सनातनी चित्रकारांपासून फारकत घेऊन सेसेशन हा गट स्थापन केला होता. फ्रॉइड स्वप्नांचा अर्थ लावीत होते, तर कार्ल क्राउस आपल्या ‘डी फाकेल’ या नियतकालिकातून वृत्तपत्री भाषेवर कोरडे ओढीत होते. मात्र याच शहराचे महापौरपद १८९७ पासून ज्यूद्वेषाचे उघड राजकारण करणाऱ्या कार्ल लुएगर यांच्याकडे होते. शोनबर्ग ज्यू कुटुंबात जन्मलेले होते, हे त्यांच्यावरील टीकेचा स्वर ऐकताना विसरून चालत नाही.

कृतीचे स्वरूप

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांच्यासाठी केलेली रचना. या प्रकारात मानवी कंठाला परंपरेने स्थान नव्हते. शोनबर्ग यांनी चारपैकी शेवटच्या दोन भागांत सोप्रानो गायिकेची योजना केली आणि श्टेफान गेओर्गे यांच्या, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील दोन कविता स्वरबद्ध केल्या. तिसरा भाग ही एक आर्त प्रार्थना आहे. चौथ्यात ओळखीचे जग मागे टाकून वर वर जाणाऱ्या जीवाचा अनुभव आहे.

पाश्चात्त्य रचनेत एखादा स्वर घरासारखा असतो. बाकीचे स्वर त्याच्यापासून दूर जातात आणि अखेर त्याच्याकडे परततात. तंबोऱ्यातील अखंड षड्जाची सवय असलेल्या श्रोत्याला ही कल्पना सहज उमजेल, जरी दोन्ही पद्धती एक नव्हेत. चौथ्या भागाच्या आरंभी शोनबर्ग यांनी हे घरच काढून घेतले. तेथे स्वरपट्टीचे चिन्ह नाही. मंदावलेल्या आवाजातील वाद्ये एकामागून एक, खालून वर अशी प्रवेश करतात आणि कोणत्याही एका स्वरावर स्थिरावत नाहीत. तरीही या भागाचा शेवट फा शार्प मेजरमध्येच होतो. म्हणून ही कृती परंपरेशी पूर्ण विच्छेद करते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

दुसऱ्या भागात ‘ओ डू लीबर आउगुस्टीन’ हे व्हिएन्नाच्या गल्लीबोळांत प्रत्येकाला ठाऊक असलेले गाणे अचानक डोकावते. त्या गाण्यात सर्वस्व गमावल्याचा भाव आहे. याचा संबंध अनेकदा शोनबर्ग यांच्या गृहकलहाशी जोडला जातो. १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी माटिल्डे तरुण चित्रकार रिखार्ड गेर्स्टल यांच्यासह घर सोडून गेल्या. शिष्य आंटोन वेबर्न यांच्या मध्यस्थीने त्या परतल्या आणि नोव्हेंबरमध्ये गेर्स्टल यांनी वयाच्या २५ व्या वर्षी आत्महत्या केली. ही कृती पत्नीलाच अर्पण केलेली आहे. परंतु दुसरा व तिसरा भाग जुलैमध्येच, म्हणजे माटिल्डे घर सोडून जाण्यापूर्वी, पूर्ण झाले होते. त्यामुळे संपूर्ण कृतीला त्या घटनेची कहाणी ठरविणारा सोपा अर्थ कालक्रमाला धरून नाही.

मैफल

वादन रोझे क्वार्टेटने केले. या चमूचे प्रमुख आर्नोल्ड रोझे हे राजदरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक आणि गुस्टाव्ह मालर यांचे मेहुणे होते. शोनबर्ग यांचा पहिला क्वार्टेटही त्यांनीच १९०७ मध्ये सादर केला होता. गायिका होत्या त्याच ऑपेरातील मारी गुटहाइल-शोडर. म्हणजे वादक-गायक नवखे नव्हते. शहरातील अत्यंत प्रतिष्ठित कलावंतांनी ही जोखीम पत्करली होती.

पहिला भाग शांततेत पार पडला. दुसऱ्या भागाच्या आरंभीच हशा सुरू झाला. पुढे गायिका गात असतानाही तो थांबला नाही. कोणी वादन बंद करण्याची मागणी करू लागले, तर कोणी ओरडणाऱ्यांना गप्प करू लागले. शोनबर्ग यांनी १९३७ मधील एका व्याख्यानात या प्रसंगाची आठवण सांगताना एक लक्षणीय तपशील नोंदविला आहे: गायन संपल्यानंतर केवळ वाद्यांवर वाजणारा दीर्घ समारोप मात्र श्रोत्यांनी व्यत्ययाविना ऐकून घेतला.

नंतरचा काळ

नोव्हेंबर १९१८ मध्ये शोनबर्ग यांनी व्हिएन्नात ‘खासगी संगीतप्रयोग मंडळ’ स्थापन केले. त्याच्या मैफलींत टाळ्या आणि निषेध या दोहोंना मनाई होती, समीक्षकांना प्रवेश नव्हता आणि कार्यक्रम आधी जाहीर केला जात नसे. या नियमांमागे १९०८ सारख्या मैफलींचा अनुभव होता. मंडळाचे कार्य १९२१ मध्ये थांबले.

ब्योझेनडॉर्फर सभागृह १९१३ मध्ये पाडण्यात आले. तेथील अखेरची मैफलही रोझे क्वार्टेटचीच होती. नाझी राजवटीमुळे शोनबर्ग यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली व ते अमेरिकेत स्थायिक झाले. ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यानंतर वृद्ध रोझे यांना लंडनचा आश्रय घ्यावा लागला. त्यांची कन्या, व्हायोलिनवादक आल्मा रोझे, यांचा १९४४ मध्ये आउश्वित्स येथील छळछावणीत मृत्यू झाला.