ॲल्युमिनियम-लोखंडाचा वेल्डिंग जोड : दिसतो पक्का, पण भार किती घेतो?

लोखंडी फ्रेमला ॲल्युमिनियमची पट्टी लावायची असते. "एक टाका मारून द्या की," असे गिऱ्हाईक सहज सांगते. बेळगावच्या उद्यमबागेत असो वा गोव्यातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, जाणता वेल्डर या कामाला लगेच हो म्हणत नाही. हा जोड होतच नाही असे नाही, मात्र साध्या वेल्डिंगने तो भरवशाचा होत नाही. गॅलरीचे रेलिंग किंवा ट्रकच्या बॉडीची शिडी असेल, तर हा फरक जिवावर बेतू शकतो.

(इथे लोखंड म्हणजे बाजारात एमएस म्हणून मिळणारे साधे पोलाद.)

अडचण कुठे येते?

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात. लोखंड वितळेपर्यंत ॲल्युमिनियम ओघळून गेलेले असते. त्यात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते, ती २००० अंशांच्या पुढेच वितळते. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे थंड होताना जोडावर ताण येतो.

पण खरे दुखणे आतले आहे. हे दोन धातू वितळून एकत्र आले की सीमेवर लोखंड-ॲल्युमिनियमचे संयुग तयार होते. ते अतिशय कडक, पण काचेसारखे ठिसूळ असते. जोडाची ताकद वरच्या टाक्यावर नव्हे, या थरावर ठरते.

थराचा हिशेब

थर अजिबात नको असेही नाही. तो झालाच नाही तर धातू एकमेकांना धरणारच नाहीत. तो साधारण १० मायक्रॉनच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ राहिला, तर जोड कामाचा ठरतो. उष्णता आणि वेळ वाढेल तसा थर जाड होतो. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये तो इतका वाढतो की कधी कधी जोड थंड होतानाच तडकतो.

दुसरा हिशेब ॲल्युमिनियमचा. साध्या पोलादाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ४२ किलोच्या आसपास असते. ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची सुमारे ३० किलो. पण वेल्डिंगच्या आचेने टाक्याशेजारचा भाग नरमतो आणि तिथे ती १७ किलोच्या आसपास येते. म्हणजे थर उत्तम साधला तरी जोडाला लोखंडाची ताकद कधीच येत नाही.

मग कारखाने काय करतात?

*ब्रेझिंगसारखे वेल्डिंग :* कमी उष्णतेच्या मिग मशीनने फक्त ॲल्युमिनियम वितळवतात, लोखंड वितळू देत नाहीत. लोखंडी पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय असतो. जस्तामुळे वितळलेले ॲल्युमिनियम नीट पसरते, तर तारेतले सिलिकॉन ठिसूळ थर वाढू देत नाही. हे पातळ पत्र्यांसाठी ठीक आहे.

*घर्षणाने जोडणे :* इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय संस्थेने १९९१ मध्ये फ्रिक्शन स्टर वेल्डिंग शोधले. यात फिरणारी पिन धातू न वितळवता मळून एकजीव करते. होंडाने २०१३ च्या अकॉर्ड मोटारीच्या पुढच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम याच तंत्राने जोडले. सबफ्रेमचे वजन २५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

*स्फोटाने जोडलेली पट्टी :* खाली पोलादी जहाज आणि वर ॲल्युमिनियमची केबिन, अशी बांधणी जगभर होते. तिथे स्फोटाच्या दाबाने आधीच चिकटवलेली दुधातूची पट्टी मध्ये घालतात. मग लोखंड लोखंडाला आणि ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला वेल्ड होते. पट्टीतला शुद्ध ॲल्युमिनियमचा पदर मऊ असतो, म्हणून तिची रुंदी ॲल्युमिनियम प्लेटच्या जाडीच्या चौपट ठेवण्याची पद्धत आहे. वेल्डिंग करताना पट्टीच्या सांध्याचे तापमान ३०० अंशांच्या आसपास रोखावे लागते, नाहीतर तोच ठिसूळ थर पुन्हा वाढतो.

खाऱ्या हवेत दुसरा धोका

कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत हे दोन धातू चिकटून राहिले की ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते. म्हणून नुसत्या ॲल्युमिनियमला रंग देऊन भागत नाही. रंगाला कुठे टाचणीएवढे भोक राहिले तर सगळा गंज तिथेच एकवटतो. लोखंडी बाजू आधी नीट रंगवायला हवी.

ओळखायचे कसे?

टाका वरून चकचकीत दिसला म्हणून जोड पक्का नसतो. त्याच माणसाकडून, त्याच मशीनवर एक नमुना करून घ्यावा आणि व्हाइसमध्ये धरून वाकवावा. ॲल्युमिनियम फाटले तर जोड बरा. टाका लोखंडावरून साफ सोलून निघाला तर आतला थर जाड आहे, नाहीतर जोड धरलाच नाही. असा जोड हादऱ्यांनी अचानक सुटतो, आधी वाकून इशारा देत नाही.

छोट्या वर्कशॉपसाठी आजही सोपा उपाय नटबोल्ट किंवा रिवेट हाच. दोन धातूंमध्ये रबर पॅकिंग, बोल्टला नायलॉनची बुशी आणि वॉशर घालायला विसरू नये. भोके पाडायची मजुरी आणि सामानाचे बिल थोडे वाढते. पण ज्या रेलिंगला माणसे टेकून उभी राहणार, तिथे एवढे पैसे वाचवणे परवडणारे नाही.