हरवलेला ‘ब’ आणि न संपलेला भूतकाळ

स्पॅनिश शिकताना अपूर्ण भूतकाळाशी पोचलं की जरा हुश्श वाटतं. अनियमित क्रियापदं अख्खी तीनच: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे). बाकी सगळी दोन साच्यांत बसतात. शेवटी ‘आर’ असेल, जसं कान्तार म्हणजे गाणे, तर कान्ताबा, कान्ताबास, कान्ताबा, कान्ताबामोस, कान्ताबाइस, कान्ताबान. ‘एर’ किंवा ‘इर’ असेल, जसं बेन्देर म्हणजे विकणे, तर बेन्दीआ, बेन्दीआस, बेन्दीआ, बेन्दीआमोस, बेन्दीआइस, बेन्दीआन. पाठ करा, संपलं!

पण मंडळी, साचे दोन का?

लॅटिनमध्ये दोन्हीकडे ‘बा’च होता. कान्ताबाम म्हणजे ‘मी गात होतो’, वेन्देबाम म्हणजे ‘मी विकत होतो’. (हा ‘बा’ आणि आपल्या संस्कृतातला ‘भू’ धातू एकाच मुळातून आले, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.) रोमन साम्राज्य गेलं आणि लॅटिन जागोजागी वेगळी वळणं घेत गेली. इटालियनने ‘ब’चा ‘व’ केला, पण दोन्हीकडे टिकवला: कान्तावा, वेन्देवा. स्पॅनिशने मात्र ‘आर’वाल्यांचा ‘ब’ ठेवला आणि बाकीच्यांचा गाळला. याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की हाबेबाम, देबेबाम अशा रोजच्या शब्दांत आधीच एक ‘ब’ होता. बोलताना दोन जड झाले, एक गळला, आणि इतर क्रियापदांनी त्यांचीच री ओढली. गंमत म्हणजे ‘इर’चं इबा हे रूप अजून तो ‘ब’ धरून बसलंय. आपण ज्याला अपवाद म्हणतो, तोच जुन्या नियमाला जागतोय!

या काळाच्या नावालाही इतिहास आहे. १४९२ साली अंतोनियो दे नेब्रिहाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं. त्यात त्याने याला ‘न संपलेला भूतकाळ’ म्हटलं. १८४७ मध्ये काराकासला जन्मलेल्या आन्द्रेस बेयोने चिलीत बसून नवं व्याकरण लिहिलं, खास अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी. त्याला भीती होती की स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या देशांत स्पॅनिशचे तुकडे पडतील, जसे लॅटिनचे पडले. त्याने या काळाला नाव दिलं ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे सह-भूतकाळ: दुसरी एखादी गोष्ट घडली, तेव्हा सोबत चालू असलेली क्रिया. ‘कुआन्दो एन्त्रे, मारीआ कान्ताबा’: मी आत आलो तेव्हा मारिया गात होती. गाणं कधी संपलं, याच्याशी वाक्याला देणंघेणं नाही. मेक्सिकोच्या शाळांत आजही हेच नाव शिकवतात.

बेयोची भीती खरी ठरली नाही. कान्ताबाइस सोडलं (ते मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येतं), तर पुस्तकातला हा तक्ता माद्रिदपासून सान्तियागोपर्यंत तोच आहे.

आणि वापर? इथे आपण मराठी माणसं फायद्यात आहोत, फक्त इंग्रजीमार्गे जायचं नाही. इंग्रजीतल्या ‘सँग’मध्ये सगळंच येतं. मराठीत ‘आजी काल गायली’ वेगळं आणि ‘आजी रोज गायची’, ‘आजी गात होती’ वेगळं. पहिलं कान्तो, पुढची दोन्ही कान्ताबा. वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. ‘-यची’ किंवा ‘-त होती’ आलं, की बहुतेक वेळा हाच काळ लागतो.

असो. तक्ता पाठ करायचाच आहे, पण आता तो ‘ब’ कुठे गेला ते तरी कळलं!