कुत्र्याचा गुडघा आणि सर्जनची पारख

सकाळी फिरायला नेलेला कुत्रा मध्येच मागचा पाय उचलतो आणि तीन पायांवर चालू लागतो. काटा नाही, जखम नाही. डॉक्टर एका हाताने मांडीचे हाड धरतात, दुसऱ्या हाताने नडगी, आणि टेबलाचा खण ओढावा तशी नडगी पुढे ओढून पाहतात. ती सरकली की कळते, गुडघ्यातले क्रूशिएट लिगामेंट तुटले आहे. मग घरात प्रश्न उभा राहतो : ऑपरेशन कुणाकडून करून घ्यायचे? खर्च मोठा आणि रुग्ण मुका. अशा वेळी या शस्त्रक्रियेचा इतिहास माहीत असला, तर निवड थोडी सोपी होते.

कुत्र्यांतल्या या दुखापतीचे वर्णन जर्मन भाषेत १९२६ साली प्रसिद्ध झाले. उपचाराला मात्र वेळ लागला. १९५२ मध्ये हेलसिंकीचे साकी पात्सामा यांनी मांडीवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती हाडांना पाडलेल्या बोगद्यांतून ओवली. माणसाच्या गुडघ्यासाठी हे तंत्र ब्रिस्टलचे हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्येच मांडले होते. १९७० मध्ये अमेरिकेत सांध्याच्या बाहेरून टाका घालून गुडघा आवळण्याची पद्धत आली. ती सोपी होती, म्हणून रुजली. पुढे या टाक्यासाठी मासेमारीची जाड नायलॉन दोरीही वापरात आली.

या साऱ्यांचा विचार एकच होता : दोरी तुटली, तर नवी दोरी बांधा. ओरेगॉनचे बार्कले स्लोकम यांनी प्रश्नच बदलला. कुत्रा गुडघा वाकवूनच उभा राहतो. नडगीचा माथा मागे उतरता असतो. त्यामुळे पायावर भार पडला की मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते आणि नडगी पुढे ढकलली जाते. मग उतारच कमी केला तर? नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापून, फिरवून, प्लेट आणि स्क्रूने पक्का करण्याची त्यांची ‘टीपीएलओ’ पद्धत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्लोकम यांनी पेटंट घेतले होते, त्यामुळे ही पद्धत सुरुवातीला त्यांच्याकडे शिकलेल्या सर्जनांपुरतीच राहिली. पुढे पेटंटची मुदत संपली आणि ती जगभर पसरली. २००२ मध्ये झुरिकहून ‘टीटीए’ ही आणखी एक पद्धत आली.

मग श्रेष्ठ कोणती? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत टाक्यापेक्षा टीपीएलओ झालेले कुत्रे पायावर अधिक भार देताना आढळले. पण १९८४ चा एक अभ्यासही विसरू नये. ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांपैकी पंधरा किलोपेक्षा कमी वजनाचे सुमारे ८५ टक्के सुधारले. त्याहून मोठ्यांत हे प्रमाण विसाच्या आत राहिले. म्हणजे पामेरियन आणि लॅब्रॅडॉर यांना एकच सल्ला देणारा डॉक्टर घाई करतो आहे.

तेव्हा सर्जनला काय विचारावे? भारतात १९८४ च्या कायद्याने पशुवैद्याची नोंदणी आवश्यक आहे. शल्यचिकित्सेतले पदव्युत्तर शिक्षण असले तर उत्तम. पण पदवीपाशी थांबू नये. अशी किती ऑपरेशने तुम्ही स्वतः केलीत? आमच्या कुत्र्याला हीच पद्धत का? एक्स-रेवर उतार मोजलात का? गुडघ्यातली गादी फाटली आहे का, हे पाहणार ना? भूल कोण देणार? जंतुसंसर्ग झाला तर पुढे काय? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आपल्याला न जमणारे ऑपरेशन तो दुसऱ्याकडे पाठवतो.

आणखी एक खूण सांगतो. एका पायाचे लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्म्यांचा दुसरा पायही पुढे तसाच जातो. हे जो आधीच सांगतो, वजन उतरवायला लावतो आणि ऑपरेशननंतरच्या आठ-दहा आठवड्यांत जिना, उड्या, पळापळ बंद ठेवण्याबद्दल बजावतो, त्याच्या हाती आपला कुत्रा सोपवायला हरकत नाही. करवत नवी आहे की जुनी, हा प्रश्न त्यानंतरचा.